लिनक्स वितरणांतील सिस्टीम लायब्ररींची स्थिर व गतिशील जोडणी : महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

लिनक्स प्रणालीवर चालणारा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम आपले बरेचसे काम सिस्टीम लायब्ररींकडून करवून घेतो. या लायब्ररी प्रोग्रॅममध्ये कायमच्या समाविष्ट करावयाच्या की प्रोग्रॅम सुरू होताना बाहेरून जोडावयाच्या, हा प्रश्न वरकरणी केवळ तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात एखादा दोष आढळल्यास तो एका ठिकाणी दुरुस्त करता येईल की अनेक ठिकाणी शोधत फिरावे लागेल, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात दोन्ही पद्धतींची कार्यप्रणाली, मराठी लिपीच्या मांडणीचे उदाहरण, गेल्या सुमारे पंचवीस वर्षांतील काही प्रमुख घटना आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी स्वीकारावयाचे धोरण यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : लिनक्स वितरण, सिस्टीम लायब्ररी, स्थिर जोडणी, गतिशील जोडणी, देवनागरी मांडणी, संगणक सुरक्षा.

१. प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांत विखुरलेली वरिष्ठ महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. यवतमाळ, पुसद वा वणी यांसारख्या शहरांबरोबरच लहान तालुक्यांच्या ठिकाणीही आज महाविद्यालयाला संगणक प्रयोगशाळा अपरिहार्य झाली आहे. परवाना शुल्क नसलेली प्रणाली म्हणून लिनक्सचा विचार अशा प्रयोगशाळांसाठी स्वाभाविकपणे होतो. सी-डॅक या संस्थेने डेबियन वितरणाच्या आधारे विकसित केलेली व २००७ मध्ये प्रकाशित झालेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली याच विचारातून पुढे आली. भारतीय भाषांतून संगणकाचा वापर सुलभ करणे हेही तिचे एक उद्दिष्ट होते.

प्रणाली विनामूल्य मिळाली तरी तिची देखभाल विनामूल्य होत नाही. मोठ्या उद्योगसंस्थेत देखभालीसाठी स्वतंत्र विभाग असतो. महाविद्यालयात ते काम अनेकदा अध्यापनाचा भार सांभाळणाऱ्या प्राध्यापकावर किंवा एकट्या प्रयोगशाळा सहायकावर येते. त्यामुळे 'अमुक लायब्ररीत गंभीर दोष आढळला आहे' अशी वार्ता आली की त्याच्यापुढे एक अगदी व्यावहारिक प्रश्न उभा राहतो : हा दोष आपल्या संगणकांवर किती ठिकाणी आहे? या प्रश्नाचे उत्तर जोडणीच्या पद्धतीत दडलेले असते. संगणकशास्त्राव्यतिरिक्त अन्य विषयांच्या प्राध्यापकांनाही ते कळावे, हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू होय.

२. लायब्ररी आणि जोडणी : मूलभूत संकल्पना

संगणकाच्या परिभाषेत लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे, तर अनेक प्रोग्रॅमना उपयोगी पडतील अशा तयार फंक्शनांचा संग्रह होय. फाइल उघडणे, पडद्यावर अक्षरे उमटवणे, माहितीचे आकुंचन करणे, संदेश कूटबद्ध करणे ही कामे प्रत्येक प्रोग्रॅमकाराने नव्याने लिहिणे अनावश्यक असते. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत यांपैकी सर्वांत मूलभूत कामे ग्नू सी लायब्ररी करते. तिला संक्षेपाने जीलिबसी असे म्हणतात. आकुंचनासाठी झेडलिब, कूटलेखनासाठी ओपनएसएसएल, लिपीच्या मांडणीसाठी हार्फबझ अशी इतर नावे सांगता येतील.

प्रोग्रॅमकार आपली आज्ञावली लिहितो, कंपायलर तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. परंतु त्या रूपांतरात लायब्ररीतील फंक्शनांच्या जागा रिकाम्याच असतात. त्या जागी योग्य पत्ते भरण्याच्या क्रियेला जोडणी म्हणतात. ही क्रिया प्रोग्रॅम तयार करतानाच पूर्ण केली तर ती स्थिर जोडणी, आणि प्रोग्रॅम प्रत्यक्ष सुरू होताना केली तर ती गतिशील जोडणी होय.

एका साध्या दृष्टांताने हा भेद स्पष्ट होईल. एखाद्या विषयाचा संदर्भग्रंथ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकच ठेवला आणि सर्वांनी तो तेथे पाहावा असे ठरले, तर त्यातील चुकीचे कोष्टक शुद्धिपत्र चिकटवून एकदाच दुरुस्त करता येते. प्रत्येक विद्यार्थ्याने ते कोष्टक आपल्या वहीत उतरवून घेतले असेल, तर ग्रंथालयातील शुद्धिपत्राचा त्या वह्यांना काहीच उपयोग होत नाही. मात्र ग्रंथालय बंद असले तरी वही जवळ असते, हेही तितकेच खरे.

३. स्थिर जोडणीची कार्यपद्धती

स्थिर लायब्ररी ही अनेक लहान यंत्रभाषिक तुकड्यांची एकत्र बांधलेली मोळी असते. लिंकर त्या मोळीतून प्रोग्रॅमला लागणारे तुकडेच निवडून त्यांची प्रत तयार फाइलमध्ये समाविष्ट करतो. परिणामी मिळणारी फाइल स्वयंपूर्ण असते. ती त्याच प्रकारच्या प्रक्रियकावर, कर्नल पुरेसा अनुरूप असल्यास, अन्य वितरणातही सहसा चालते. लायब्ररी सापडली नाही किंवा आवृत्ती जुळत नाही, अशा तक्रारीला तेथे वाव राहत नाही.

या स्वयंपूर्णतेचे मोल आकाराच्या रूपाने द्यावे लागते. पडद्यावर एक ओळ छापणारा सी भाषेतील लहानसा प्रोग्रॅम गतिशील पद्धतीने जोडल्यास सुमारे पंधरा-सोळा किलोबाइटांचा होतो. तोच जीलिबसीशी स्थिर पद्धतीने जोडल्यास त्याचा आकार कित्येक शे किलोबाइटांपर्यंत जातो. याशिवाय जीलिबसीची रचनाच काही बाबतींत गतिशील जोडणी गृहीत धरते. वापरकर्त्याचे नाव किंवा संगणकाचा जाळ्यावरील पत्ता शोधणारी तिची फंक्शने आवश्यकतेनुसार अन्य घटक चालू अवस्थेत जोडून घेतात. म्हणून जीलिबसीशी पूर्णतः स्थिर जोडलेला प्रोग्रॅमही अशा वेळी त्याच आवृत्तीच्या बाह्य घटकांवर अवलंबून राहू शकतो. २०११ मध्ये प्रथम प्रकाशित झालेल्या मसल या पर्यायी सी लायब्ररीच्या रचनेत स्थिर जोडणीचा विचार आरंभापासूनच केलेला आहे.

४. गतिशील जोडणीची कार्यपद्धती

गतिशील पद्धतीत तयार फाइलमध्ये लायब्ररीची प्रत नसते, केवळ तिचे नाव असते. प्रोग्रॅम सुरू करताच कर्नल प्रथम डायनॅमिक लोडर नावाच्या साहाय्यक प्रोग्रॅमला पाचारण करतो. हा लोडर आवश्यक लायब्ररींची यादी वाचतो, त्या ठरावीक निर्देशिकांत शोधतो, स्मृतीत आणतो आणि पत्ते भरतो. काही पत्ते त्या त्या फंक्शनचा प्रथम वापर होईपर्यंत रिकामेही ठेवता येतात. लायब्ररी शोधण्याचे काम जलद व्हावे म्हणून तिच्या ठिकाणांची सूची आधीच तयार करून ठेवली जाते. ही सूची तयार करणारे एलडीकॉन्फिग हे साधन मात्र जीलिबसीत स्थिर पद्धतीने जोडलेले असते, ही गोष्ट बोलकी आहे. सामायिक लायब्ररींची व्यवस्था विस्कटलेली असतानाही ती सावरणारे साधन चालावे, हा त्यामागील विचार होय.

सामायिक लायब्ररीच्या नावात एक क्रमांक असतो. तो म्हणजे लायब्ररी व तिचा वापर करणारे प्रोग्रॅम यांच्यातील करार होय. लायब्ररीत अंतर्गत सुधारणा झाली, पण फंक्शनांचे बाह्य स्वरूप तेच राहिले, तर क्रमांक बदलत नाही आणि जुने प्रोग्रॅम पूर्ववत चालतात. करार मोडणारा बदल झाला तर क्रमांक वाढवावा लागतो आणि त्यावर अवलंबून असलेले सर्व प्रोग्रॅम पुन्हा तयार करावे लागतात. लिनक्सच्या इतिहासात १९९७-९८ च्या सुमारास पाचव्या क्रमांकाच्या सी लायब्ररीकडून सहाव्या क्रमांकाकडे झालेले संक्रमण असेच कष्टप्रद होते. रेड हॅट लिनक्स ५.० (१९९७) व डेबियन २.० (१९९८) या आवृत्त्या त्या संक्रमणाच्या निदर्शक होत. त्यानंतर प्रत्येक फंक्शनच्या नावाबरोबर आवृत्तीची नोंद ठेवण्याची पद्धत रूढ झाल्यामुळे जीलिबसीचा सहावा क्रमांक आजतागायत टिकून आहे.

स्मृतीच्या बचतीविषयी एक गैरसमज येथे दूर करणे इष्ट ठरेल. एकच प्रोग्रॅम तीस विद्यार्थ्यांनी एकाच सर्व्हरवर चालविला, तर त्याची जोडणी स्थिर असली तरीही त्याच्या आज्ञांची पाने स्मृतीत सामान्यतः एकदाच ठेवली जातात. गतिशील जोडणीमुळे होणारी अतिरिक्त बचत ही वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये समान असलेल्या लायब्ररींची असते. शब्दसंस्कारक, ब्राउझर व चित्रदर्शक हे तीन भिन्न प्रोग्रॅम एकच लायब्ररी वापरतात, तेव्हा तिच्या आज्ञांची एकच प्रत तिघांना पुरते.

५. मराठी लिपीची मांडणी : एक उदाहरण

सामायिक लायब्ररीचे महत्त्व मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत चांगले स्पष्ट होते ते देवनागरीच्या मांडणीतून. युनिकोडमध्ये मजकूर साठवताना अक्षरे उच्चारक्रमाने एकामागून एक ठेवली जातात. 'कि' या अक्षरात क आधी व ऱ्हस्व इकार नंतर साठवलेला असतो. पडद्यावर मात्र इकार आधी दिसला पाहिजे. जोडाक्षरे, रेफ, काना-मात्रा यांची योग्य जागा ठरवण्याचे काम मांडणी करणारी लायब्ररी व फॉन्टमधील नियम यांनी मिळून करावयाचे असते.

मराठीची एक विशेष गरज आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. 'आचार्यास' म्हणजे गुरूला आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला. रेफ आणि आडवा अर्धा र यांतील हा भेद मराठीत अर्थभेदक आहे. युनिकोडमध्ये 'ऱ' या वर्णाला स्वतंत्र स्थान असून त्यापुढे हलन्ताचे चिन्ह व व्यंजन आले असता आडवा र उमटावा, असा नियम आहे. एखाद्या लायब्ररीत हा नियम अपुरा उतरला असेल, तर ती वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये मराठी शब्द विद्रूप दिसेल. आणि ती सुधारली की सर्वत्र एकाच वेळी नीट दिसू लागेल.

प्रत्यक्षात इतिहास असा घडला की दीर्घकाळ ही लायब्ररी एक नव्हतीच. ग्नोम पर्यावरणातील प्रोग्रॅम पँगो ही लायब्ररी वापरीत, केडीई पर्यावरणातील प्रोग्रॅम क्यूटी वापरीत आणि ओपनऑफिस आयसीयू नामक तिसऱ्याच लायब्ररीवर अवलंबून असे. पँगो व क्यूटी यांनी फ्रीटाइप प्रकल्पातील मांडणीची आज्ञावली आपापल्या स्रोतसंचात उतरवून घेतली होती आणि पुढे त्या दोन्ही प्रती स्वतंत्रपणे वाढत गेल्या. त्यामुळे एकाच संगणकावर एकच मराठी मजकूर दोन प्रोग्रॅममध्ये वेगळा दिसण्याची शक्यता होती आणि एका ठिकाणी केलेली सुधारणा दुसरीकडे आपोआप पोहोचत नव्हती. या प्रतींचे एकत्रीकरण करण्याच्या प्रयत्नातून हार्फबझ हा प्रकल्प उभा राहिला. त्याची नव्याने लिहिलेली आवृत्ती पँगोने २०१२ मध्ये स्वीकारली. लिब्रेऑफिसने लिनक्सवर २०१३ मध्ये ४.१ या आवृत्तीत आणि २०१७ मध्ये ५.३ या आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर तिचा अवलंब केला.

फॉन्टचीही जोड याला हवी होती. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली उपलब्ध केलेल्या लोहित या फॉन्टमालिकेची देखभाल पुढे पुण्यातील अभियंत्यांनी दीर्घकाळ केली. एक सामायिक मांडणी-लायब्ररी आणि एक मुक्त फॉन्टमालिका यांमुळे लिनक्सवरील मराठीला जे स्थैर्य लाभले, ते प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतंत्र प्रत बाळगण्याच्या पद्धतीत लाभणे कठीण होते.

तथापि येथे एक अपवाद नोंदवणे आवश्यक आहे. फायरफॉक्स व क्रोमियम या ब्राउझरांच्या मूळ स्रोतसंचात हार्फबझची स्वतंत्र प्रत असते. त्यांचे विकासगट मोठे असून ते काही आठवड्यांच्या अंतराने नवी आवृत्ती प्रकाशित करतात, म्हणून ती प्रत सहसा जुनी राहत नाही. स्वतंत्र प्रत बाळगणे हा स्वतःच दोष नाही. ती बाळगणाऱ्याने तिची जबाबदारी न घेणे हा दोष होय.

६. दोषनिवारणाचा अनुभव

लिपी चुकीची दिसणे निदान डोळ्यांना जाणवते. सुरक्षेतील दोष मात्र दिसत नाही, म्हणूनच त्याची दुरुस्ती किती ठिकाणी करावयाची हे ठाऊक असणे अधिक महत्त्वाचे ठरते. या संदर्भात दोन घटना उद्‌बोधक आहेत.

मार्च २००२ मध्ये झेडलिबच्या १.१.३ या आवृत्तीत स्मृतीचा एकच भाग दोनदा मुक्त केला जाण्याचा दोष जाहीर झाला आणि १.१.४ या आवृत्तीत तो दूर करण्यात आला. सामायिक झेडलिब वापरणाऱ्या प्रोग्रॅमचा प्रश्न एका पॅकेजने सुटला. परंतु झेडलिब लहान व उपयुक्त असल्यामुळे आरसिंकसारख्या प्रोग्रॅमनी, इतकेच नव्हे तर लिनक्सच्या कर्नलनेही, तिची स्वतंत्र प्रत बाळगली होती. त्यामुळे वितरणांना अशा प्रती शोधून प्रत्येकाची वेगळी दुरुस्ती करावी लागली. दोष सुधारण्यापेक्षा त्याच्या प्रती कोठे आहेत हे शोधणेच अधिक श्रमाचे ठरले.

एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालेला ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' हा दोष याहून गंभीर होता. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत तो होता आणि त्याच्या आधारे सर्व्हरच्या स्मृतीतील गोपनीय मजकूर बाहेरून वाचता येत असे. डेबियनसारख्या वितरणांनी सुधारित लायब्ररी तत्काळ उपलब्ध केली. ओपनएसएसएलशी गतिशील पद्धतीने जोडलेल्या प्रोग्रॅमना त्या एका पॅकेजने संरक्षण मिळाले, मात्र एका अटीवर. लायब्ररीची फाइल बदलली तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम स्मृतीतील जुनीच प्रत वापरीत राहतो. म्हणून त्या सेवा पुन्हा सुरू करणे अनिवार्य असते. हार्टब्लीडच्या बाबतीत कूटकळा उघड झाल्याची शक्यता असल्याने प्रमाणपत्रेही बदलावी लागली, हे निराळे.

अशा अनुभवांतून वितरणांचे धोरण घडले आहे. डेबियनच्या धोरणग्रंथात अन्य प्रकल्पाच्या आज्ञावलीची प्रत पॅकेजमध्ये बाळगू नये, अशी स्पष्ट सूचना आहे. फेडोराचे धोरणही प्रारंभी असेच कडक होते. २०१५ मध्ये ते काहीसे शिथिल करण्यात आले. परंतु अंतर्भूत प्रतीची नोंद पॅकेजमध्ये करण्याचा दंडक ठेवण्यात आला. प्रत बाळगायची असेल तर निदान तिची नोंद तरी असावी, हे तत्त्व लक्षणीय आहे.

७. गतिशील जोडणीच्या मर्यादा

वरील विवेचनावरून गतिशील जोडणी सर्वथा निर्दोष आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. जी व्यवस्था दुरुस्ती एका ठिकाणाहून सर्वत्र पोहोचवते, तीच व्यवस्था बिघाडही सर्वत्र पोहोचवते.

याचे पहिले उदाहरण २०१० मधील आहे. जीलिबसीतील स्मृतीची नक्कल करणाऱ्या एका फंक्शनची गती वाढवण्यासाठी तिच्यात बदल करण्यात आला आणि फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेयरचा आवाज विकृत येऊ लागला. लायब्ररीने लिखित नियम मोडला नव्हता. त्या प्रोग्रॅमनेच नियमात नसलेल्या वर्तनावर विसंबून काम केले होते. वापरकर्त्याला मात्र एवढेच दिसले की काल चालणारा प्रोग्रॅम आज बिघडला. पुढे २०११ मध्ये जीलिबसी २.१४ मध्ये त्या फंक्शनला नवी आवृत्ती-नोंद देऊन जुन्या प्रोग्रॅमसाठी जुने वर्तन राखण्यात आले.

दुसरे उदाहरण भाषेशी निगडित आहे. शब्दांचा अनुक्रम लावण्याचे नियम जीलिबसीत असतात. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह' नंतर येतो. युनिकोडच्या क्रमांकानुसार मात्र तो 'ल' च्या पाठोपाठ येतो. असे भाषानिहाय भेद लायब्ररीने सांभाळावे लागतात. ऑगस्ट २०१८ मधील जीलिबसी २.२८ या आवृत्तीत अनुक्रमाचे नियम आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या आवृत्तीनुसार व्यापकपणे बदलण्यात आले. बदल सुधारणेसाठीच होता. परंतु पोस्टग्रेएसक्यूएल या माहितीसाठा-प्रणालीतील मजकुराच्या अनुक्रमणिका जुन्या नियमानुसार बांधलेल्या होत्या. नव्या लायब्ररीसह त्या वापरल्यास साठ्यात असलेली नोंद न सापडणे किंवा एकमेव असावयाची नोंद दोनदा शिरणे असे प्रकार संभवत होते. प्रणाली अद्ययावत केल्यावर अनुक्रमणिका नव्याने बांधणे हाच त्यावरील उपाय होता. विद्यार्थ्यांच्या किंवा ग्रंथांच्या नोंदी अशा साठ्यात ठेवणाऱ्या संस्थेने हा धडा विसरता कामा नये.

तिसरे उदाहरण विश्वासाच्या केंद्रीकरणाचे आहे. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड या आकुंचन-प्रकल्पाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर लपवलेली चोरवाट उघडकीस आणली. दूरस्थ प्रवेशाच्या सेवेला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, या निरीक्षणातून तो शोध लागला. विशेष म्हणजे ती प्रवेशसेवा स्वतः एक्सझेडची लायब्ररी वापरीत नव्हती. डेबियन व फेडोरासारख्या वितरणांनी तिला सिस्टीमडीच्या लायब्ररीशी जोडले होते आणि त्या लायब्ररीच्या मागोमाग एक्सझेडची लायब्ररीही स्मृतीत येत होती. डायनॅमिक लोडरच्या सुविधांचाच गैरवापर करून चोरवाट कार्यान्वित होत असे. सुदैवाने डेबियनच्या तत्कालीन स्थिर आवृत्तीत ही लायब्ररी पोहोचली नव्हती. प्रोग्रॅम प्रत्यक्ष कोणत्या लायब्ररी मागतो याबरोबरच त्या लायब्ररी पुढे आणखी काय ओढून आणतात, हेही पाहिले पाहिजे, असा या घटनेचा बोध आहे.

८. स्थिर जोडणीचे पुनरागमन

गेल्या दशकभरात स्थिर जोडणीचा वापर पुन्हा वाढलेला दिसतो. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेत प्रोग्रॅमचे घटक सामान्यतः एकाच फाइलमध्ये समाविष्ट होतात. २०१५ मध्ये १.० आवृत्ती आलेल्या रस्ट भाषेतही भाषेचे आपले घटक स्थिर पद्धतीनेच जोडले जातात. फ्लॅटपॅक व स्नॅप यांसारख्या पॅकेज-पद्धतींत तांत्रिक अर्थाने जोडणी गतिशील असली, तरी लायब्ररी वितरणाबाहेरून प्रोग्रॅमबरोबर किंवा समान संचाच्या रूपाने येतात. लहान आकारामुळे लोकप्रिय झालेल्या अल्पाइन वितरणाने २०१४ मध्ये मसल स्वीकारली. मात्र मसलचा वापर म्हणजे स्थिर जोडणीच, ही समजूत चुकीची आहे. अल्पाइनमधील बहुतेक पॅकेजे मसलशी गतिशील पद्धतीनेच जोडलेली असतात.

ही पद्धती वितरणांपुढे जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा करते. डेबियन ११ (२०२१) च्या प्रकाशन-टिपणात स्थिर जोडणीचा सरसकट वापर करणाऱ्या पॅकेजांची पुनर्बांधणी करण्यात वितरणाच्या यंत्रणेला अडचणी असून गोसारख्या भाषांतील पॅकेजांना मिळणारे सुरक्षा-साहाय्य त्यामुळे मर्यादित असल्याचे मान्य केले होते. एका घटकातील दोषासाठी त्यावर अवलंबून असलेला प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा बांधून पुन्हा वितरित करणे, असा त्याचा अर्थ होतो.

परवान्याची बाजूही येथे विचारात घ्यावी लागते. जीलिबसीला लेसर जनरल पब्लिक लायसन्स लागू आहे. मालकी हक्काचा बंदिस्त प्रोग्रॅम तिच्याशी स्थिर पद्धतीने जोडून वितरित करावयाचा असल्यास, वापरकर्त्याला सुधारित लायब्ररीशी तो पुन्हा जोडता येईल अशी सामग्री देणे आवश्यक असते. गतिशील जोडणीत ही अट सहज पूर्ण होते. दुरुस्तीचा अधिकार वापरकर्त्याकडे राहावा, हाच या अटीचा गाभा होय.

९. प्रयोगशाळांसाठी उपयोजन

यवतमाळसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या दृष्टीने वरील चर्चेतून पुढील धोरण सुचवता येईल.

(अ) नेहमीच्या वापरातील प्रोग्रॅम शक्यतो वितरणाच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावेत. त्यामुळे लायब्ररीची दुरुस्ती एका पॅकेजने सर्वत्र पोहोचते. इंटरनेटची गती मर्यादित असेल तेथे ते पॅकेज एकदाच उतरवून स्थानिक सर्व्हरवरून सर्व संगणकांना पुरवता येते. प्रत्येक प्रोग्रॅम नव्याने उतरवण्याच्या तुलनेत ही बचत मोठी असते.

(आ) लायब्ररी अद्ययावत केल्यानंतर संबंधित सेवा किंवा संगणक पुन्हा सुरू करावेत. डेबियन-आधारित वितरणांत कोणत्या सेवा जुनी लायब्ररी वापरीत आहेत हे सांगणारे 'नीडरीस्टार्ट' हे साधन उपलब्ध आहे.

(इ) भांडाराबाहेरून आणलेल्या प्रोग्रॅमची एक नोंदवही ठेवावी. तीत प्रोग्रॅमचे नाव, आवृत्ती, स्रोत आणि आणल्याचा दिनांक असावा. प्रोग्रॅमची जोडणी कोणत्या प्रकारची आहे हे 'फाइल' या आज्ञेने समजते. अवलंबित लायब्ररींची यादी 'एलडीडी' ही आज्ञा देते. परंतु अविश्वसनीय स्रोताच्या प्रोग्रॅमवर ती चालवू नये, कारण काही परिस्थितीत त्या प्रोग्रॅममधील आज्ञा तिच्याद्वारे कार्यान्वित होऊ शकतात.

(ई) आपत्कालीन उपयोगासाठी स्थिर जोडणीचे एखादे साधन जवळ असावे. अद्ययावतीकरण चालू असताना वीजपुरवठा खंडित होऊन सी लायब्ररीच बिघडली, तर फाइलची नक्कल करण्यासारख्या साध्या आज्ञाही चालत नाहीत. अशा वेळी स्थिर पद्धतीने जोडलेले बिझीबॉक्स उपयोगी पडते. डेबियनमध्ये त्याचे स्वतंत्र पॅकेज आहे.

(उ) मोठे संक्रमण करण्यापूर्वी माहितीसाठ्याची प्रत काढावी, एका संगणकावर चाचणी घ्यावी आणि मजकुराच्या अनुक्रमणिका पुन्हा बांधाव्यात. मराठी मजकुराची मांडणी व अनुक्रम यांचीही तपासणी या चाचणीत व्हावी. त्यासाठी आडवा र, जोडाक्षरे व 'ळ' असलेल्या शब्दांची एक छोटी यादी पुरेशी होते आणि ती तयार करण्यात मराठी विभागाचे साहाय्य घेता येईल.

(ऊ) संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून एकच प्रोग्रॅम दोन्ही पद्धतींनी जोडून घ्यावा व आकार, अवलंबित्व आणि लायब्ररी बदलल्यावर होणारा परिणाम यांची तुलना करून घ्यावी. या प्रयोगास साध्या संगणकाखेरीज अन्य कोणत्याही सामग्रीची आवश्यकता नाही.

१०. निष्कर्ष

स्थिर जोडणी प्रोग्रॅमला स्वयंपूर्ण करते, परंतु दुरुस्तीची जबाबदारी प्रत्येक प्रोग्रॅमवर विभागून टाकते. गतिशील जोडणी दुरुस्ती एका ठिकाणी आणते, परंतु त्या ठिकाणावर मोठा विश्वास टाकते. झेडलिब व हार्टब्लीड या घटना पहिल्या पद्धतीचे मोल दाखवतात, तर जीलिबसी २.२८ व एक्सझेड या घटना दुसरीचे. म्हणून कोणती पद्धत श्रेष्ठ, यापेक्षा दोष आढळल्यावर तो कोण व किती ठिकाणी दुरुस्त करणार, हा प्रश्न अधिक मूलभूत होय. ज्या संस्थेकडे प्रत्येक प्रोग्रॅमवर लक्ष ठेवण्याइतके मनुष्यबळ नाही, तिने वितरणाने सांभाळलेल्या सामायिक लायब्ररींवर भर देणे आणि स्थिर जोडणीचे प्रोग्रॅम मोजके, हेतुपूर्वक निवडलेले व नोंदवलेले ठेवणे, हेच तिच्या सामर्थ्याशी सुसंगत धोरण ठरते. प्रयोगशाळेतील एक साधी नोंदवही अद्ययावत असेल, तर पुढील दोषाची वार्ता येईल त्या दिवशी 'आपल्याकडे तो किती ठिकाणी आहे' या प्रश्नाचे उत्तर काही मिनिटांत देता येईल.